दोन माणसांची गाडी

पंधरा ऑक्टोबरच्या दुपारी प्रफुलची गाडी राइस मिलच्या आवारात शिरली, तेव्हा गिरजाबाईंनी आधी तिच्या मागं पाहिलं. उरलेली गाडी अजून फाटकाबाहेर असेल असं त्यांना वाटलं होतं. मागं काही नव्हतं. लांबलचक नाक, बुटकी पाठ, आणि दोन्हींच्या मधल्या खोबणीत काळा चष्मा लावून त्यांचा मुलगा बसला होता. त्याच्या शेजारी आणखी एका माणसाची जागा होती. तिथं गाडी संपत होती.

आवारात रामटेक्यांचं घर जमून उभं होतं. ऑफिसच्या पायरीवर हरिदासभाऊ, खुर्चीत त्यांची थोरली बहीण रंभाबाई, आणि गडचिरोलीहून सकाळीच आलेले लेक नंदिनी आणि जावई संघपाल. सगळेच गाडीच्या मागं पाहत होते. शेवटी रंभाबाईच बोलल्या, कारण गप्प राहणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"बाकीची कुठी आहे, बापा?"

"बाकीची म्हणजे, आत्या?" प्रफुलनं इंजिन बंद केलं आणि तो गाडीतून उतरला. उतरला म्हणजे जवळजवळ वर चढून आला.

"आम्ही बसाची."

प्रफुलनं आईकडं पाहिलं. "आई, भाड्याची क्रुझर नाई सांगतली काय यंदा?"

"सांगतली होती. तुया बाबानं रद्द केली. तू नवी गाडी आणून राह्यला म्हून."

गाडीत किती माणसं मावतात, हे विचारायची रीत या घरात नव्हती. किती माणसं आहेत ते मोजायचं आणि तेवढी बसवायची, एवढंच माहीत. शिवाय हरिदासभाऊंना विचारायचंच असतं, तर प्रफुलला विचारावं लागलं असतं, आणि विचारायचं म्हणजे बोलायचं. ते दोन वर्षांपासून बंद होतं.

"गिरजे," पायरीवरून हरिदासभाऊंचा आवाज आला, "सांग त्याले, असं एकदम बंद नोको करू म्हणा इंजिन. लंबा पल्ला मारून आलं ते. टर्बो आहे त्याले. जराकसा दम घेऊ दे, मंग बंद कर."

बाप आणि मुलगा यांच्यामध्ये दहा पावलंही नव्हती. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. तरी गिरजाबाई वळल्या आणि म्हणाल्या, "बाबा म्हणते, दम घेऊ दे इंजिनाले."

"बाबाले सांग, आता गरज नसते तशी. जुन्या इंजिनाले लागे. याचा टर्बो पाण्यानं थंड होते, इंजिन बंद झालं तरी पंप चालूच राह्यते. आमच्याच टीमचं काम आहे ते."

"तो म्हणते, गरज नाई."

"ऐकलं," असं म्हणून हरिदासभाऊ ऑफिसात गेले.

घरातला टपालवाला असावा, तशी गिरजाबाईंची अवस्था होती. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एकदा वीज गेली होती आणि मिलचं जुनं डिझेल इंजिन काही केल्या सुरू होईना. सुट्टीवर आलेला प्रफुल हात पुसत, चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला, "भंगारात द्या आता हे, बाबा." त्याच इंजिनावर हरिदासभाऊंनी त्याला पुण्यात शिकवून गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर केलं होतं. भंगार इंजिनाला म्हटलं की चालवणाऱ्याला, हे त्यांनी विचारलं नाही आणि प्रफुलनं सांगितलं नाही. त्या दिवसापासून 'सांग त्याले' आणि 'बाबाले सांग' सुरू झालं. गिरजाबाईंना पहिले काही दिवस ते मजेचं वाटलं, मग सवयीचं झालं, आणि आताशा एकट्या असल्या की त्यांना रडू यायचं. आपण गेलो तर ही दोघं आयुष्यभर एका घरात मुक्यानं बसतील, अशी भीती त्यांना वाटायची.

आणि नेमक्या या दिवशी ही गाडी आली होती.

छप्पन्न साली हरिदासभाऊंचे वडील मुखरूजी आरमोरीहून बैलबंडी जुंपून चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, गेले होते आणि सोळा ऑक्टोबरला बाबासाहेबांच्या समोर उभे राहून त्यांनी धम्म घेतला होता. सोबत बायको, म्हातारी आई, दोन भाऊ, आणि कडेवर रंभाबाई. आपल्याला तो सगळा प्रवास लख्ख आठवतो असं रंभाबाई सांगायच्या, आणि तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या हे त्यांना कोणी सांगायचं नाही. तेव्हापासून या घराचा एक नेम होता. सोळा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जायचं ते सगळ्यांनी, आणि एकाच गाडीत. बंडी गेली, मेटॅडोर आली, मेटॅडोर विकली, भाड्याची क्रुझर आली. नेम काही मोडला नव्हता.

*

चहाला सगळे गाडीभोवतीच बसले, कारण कोणाचीच नजर तिच्यावरून हटत नव्हती. संघपाल तर तिच्याभोवती फेऱ्या मारत होता. गडचिरोलीच्या तहसील ऑफिसात बसून त्यानं मोबाइलवर जगातल्या सगळ्या गाड्या पाहून ठेवल्या होत्या.

"हे नवीन रूप आहे, मामी," तो सासूला म्हणाला. "जुन्या मॉडेलचं छप्पर लोखंडाचं होतं, घडी होऊन मागं जाये. आता कापडाचं केलं. वजन कमी झालं."

"एवढी मोठी कंपनी, अन् छप्पर कापडाचं?" रंभाबाईंनी विचारलं. "आपल्या बंडीलेही वरून बांबूचा तट्टा होता."

प्रफुलनं बटन दाबलं. छप्पर उठलं, दुमडलं आणि पाठीत जाऊन बसलं. फाटकाशी जमलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"घ्या. आता तं तेही गेलं," रंभाबाई म्हणाल्या.

"अन् यात दोन प्रकारची इंजिनं येतात," संघपाल थांबायला तयार नव्हता. "एक चार सिलिंडरचं, एक सहाचं. दोघांलेही टर्बो. भाऊ, हे सहाचं ना?"

"सहाचं."

"हा टर्बो टर्बो काय लावलं दुपारपासून?" रंभाबाईंनी बशी खाली ठेवली. "सांग मले, मराठीत."

प्रफुल त्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसला. असा बसला की तो अजून आरमोरीचाच दिसतो, हे गिरजाबाईंच्या मनात आलं. "आत्या, इंजिनाचा धूर बाहेर जाते ना, तो फुकट नाई जाऊ द्याचा. त्याच्या जोरावर एक चक्री फिरवाची. ते चक्री दुसरी चक्री फिरवते, अन् ते बाहेरची हवा दाबून आत कोंबते. जास्त हवा आली का जास्त इंधन जळते. छोट्या इंजिनात मोठ्याची ताकद येते."

"म्हणजे फुंकणी."

"फुंकणीच. फक्त फुंकणारा धूरच आहे."

"आमचे डोळे गेले चुलीच्या धुरानं," रंभाबाई म्हणाल्या, "अन् हे लोक धुरावर गाडी पळवून राह्यले. सहा सिलिंडर, अन् माणसं दोन. एकेका माणसामागं तीन. आपल्या मिलच्या इंजिनाले किती आहे रे?"

"एक," प्रफुल म्हणाला.

"एक. अन् त्याच्यावर अख्खं घर चाललं."

रंभाबाईंना कोणाला टोचायचं नव्हतं, पण प्रफुलनं मान खाली घातली. ऑफिसच्या दारात उभ्या हरिदासभाऊंनी तेवढं ऐकलं आणि ते पुन्हा आत गेले.

मग खरा प्रश्न निघाला. तो नंदिनीनं काढला, कारण ती आरोग्य केंद्रात परिचारिका होती आणि दुखऱ्या जागी हात ठेवायची तिला सवय होती.

"उद्या जाचं कसं?"

क्रुझरवाल्यानं केव्हाच दुसरी मंडळी घेतली होती. उद्याच्या दिवशी तालुक्यात चाकं असलेली कोणतीच वस्तू मोकळी नव्हती. शेजारच्या गुणवंतरावांची पिकअप तेवढी महिला मंडळाला घेऊन जाणार होती, आणि तिच्यात दाटीवाटीनं चार माणसं मावली असती.

"मी गाडी इथीच ठेवतो," प्रफुल म्हणाला. "चाराच्या जागी सहा बसू, पण सगळे पिकअपमध्ये जाऊ. नेमही राह्यते."

आतून हरिदासभाऊंनी खाकरून घसा साफ केला. "गिरजे, सांग सगळ्याईले. मी यंदा जात नाई."

चहाचे कप जागच्या जागी थांबले. गिरजाबाई उठून ऑफिसात गेल्या. हरिदासभाऊ धानाच्या पोत्यावर बसले होते.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? चौकात सांगून बसलो मी, पोरगा नवी गाडी घेऊन येऊन राह्यला, यंदा घरच्या गाडीनं जाऊ. आता गुणवंताच्या पिकअपमध्ये भाजीच्या कॅरेटवर बसून जाऊ? लोक काय म्हणतीन?"

"मंग प्रफुलच्या गाडीत बसा."

"त्यानं म्हटलं काय मले, बसा म्हून?"

गिरजाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी या माणसाला एकाही सोळा ऑक्टोबरला घरी पाहिलं नव्हतं. ताप असताना ते गेले होते, पाय मोडला होता तेव्हा मेटॅडोरमध्ये आडवे होऊन गेले होते. यंदा ते राहिले, तर त्याचं कारण प्रफुल असेल, आणि मग हे मुकेपण कायमचं घट्ट होईल.  त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. उन्हात ती गाडी उघडी पडली होती, दोन सीटा शेजारी शेजारी, आणि तिसऱ्या माणसाला उभं राहायलाही जागा नाही. निरोप सांगायला मध्ये कोणी बसूच शकत नाही अशी वस्तू त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. मघाशी तिला मनात नावं ठेवली याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

बाहेर तोवर दुसऱ्या सीटवरून तट पडले होते. रंभाबाईंचं म्हणणं, मी वडील, छप्पन्नच्या बंडीतली मी एकटी उरली, मी बसते. संघपालचं म्हणणं, आत्याबाई बरोबर बोलते, पण एवढ्या वेगात त्याईले वारं लागन, म्हून कोणी तरुण माणूस बसला पाहिजे. तो तरुण माणूस कोण, हे त्यानं सांगितलं नाही. नंदिनीनं नवऱ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि आत्याच्या बाजूनं मत दिलं.

"बाई," गिरजाबाई बाहेर येत म्हणाल्या, "बसून तं पाहा एकदा. उद्याच्या आधी."

रंभाबाई बसल्या. बसल्या म्हणजे त्यांनी सीटकडं पाठ केली, गुडघे वाकवले आणि त्या दिसेनाशा झाल्या. नंतर फक्त त्यांचा आवाज येत राहिला. "मस्त आहे. गादी मऊ आहे. आता काढा मले बाहेर." नंदिनीनं एक हात धरला, संघपालनं दुसरा, आणि प्रफुल मागून ढकलत राहिला. तिसऱ्या झटक्याला रंभाबाई बाहेर आल्या, पदर सावरला, आणि म्हणाल्या, "खड्डा आहे हा. दीक्षाभूमीवर एवढ्या लोकात मले असं ओढून काढान, तं मी परत येणारच नाई." आणि खुर्चीत बसल्यावर गाडीकडं बोट करून, "प्रफुल, दुसऱ्या सीटसाठी आत्या नोको शोधू. एखादी पोट्टी शोध."

"शोधून राह्यलो, आत्या."

"तुया टर्बोनं शोध. हळू शोधून राह्यला."

"आता जवाईबापूले एक चक्कर मारून आण," गिरजाबाईंनी प्रफुलला सांगितलं. संघपालचा चेहरा फुलला.

ते ब्रह्मपुरी रोडनं गेले. आवाज आधी घुमला, मग शिट्टीसारखा झाला, मग नाहीसा झाला. परत आले तेव्हा संघपालचे केस मागं चिकटले होते आणि रंग तांदळाच्या पिठासारखा झाला होता. तो सरळ नळावर गेला, तोंड धुतलं, आणि नंदिनीशेजारी येऊन बसला.

"कशी आहे?" नंदिनीनं विचारलं.

"मोबाइलवर इतकी नाई वाटत," तो म्हणाला. "मी पिकअपमध्येच येतो. तुयासोबत."

असे दोन उमेदवार स्वतःहून बसले. राहिल्या गिरजाबाई, आणि सगळ्यांनी त्यांचंच नाव घेतलं. त्यांनीही नाही म्हटलं नाही. नंदिनीला मात्र स्वयंपाकघरात त्यांनी बाजूला घेतलं.

"उद्या सकाळी तुये बाबा आंघोळीले गेले का तांदळाचा कट्टा उचलाले लाग मले."

नंदिनीनं आईकडं पाहिलं आणि तिच्या लक्षात सगळं आलं. "आई, तू लय बदमाश आहेस."

"दोन वर्षं झाले, हरकाऱ्याचं काम करून राह्यली मी. शिकली."

*

दीक्षाभूमीवरच्या भोजनदानाला रामटेक्यांच्या मिलचा पहिला नवा तांदूळ जात असे. लवकर येणाऱ्या हलक्या धानाचा, हरिदासभाऊंनी स्वतः कांडलेला, पांढऱ्या कट्ट्यात, म्हणजे छोट्या पोत्यात, शिवलेला. तो कट्टा त्यांनी कधी कोणाच्या हाती दिला नव्हता. क्रुझरमध्ये तो त्यांच्या पायाशी असे आणि दीक्षाभूमीवर ते तो खांद्यावरून नेत.

सकाळी पांढरी लुगडी नेसून बायका फाटकाशी जमल्या. गुणवंतरावांची पिकअप आली, सतरंज्या अंथरल्या गेल्या, "जय भीम, जय भीम" झालं. गिरजाबाई पांढऱ्या साडीत प्रफुलच्या गाडीत बसल्या होत्या, छप्पर उघडं, मांडीवर मेणबत्त्यांचा पुडा. हरिदासभाऊ रोजच्या बनियनवर आवारात फिरत होते आणि आपण जाणार नाही हे सगळ्यांना दिसेल असं वागत होते. फक्त त्यांची नजर पिकअपमध्ये काहीतरी शोधत होती.

"तांदूळ कुठी आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ठेवला," गिरजाबाई म्हणाल्या.

"कुठी?"

"गाडीत. प्रफुलच्या डिक्कीत. बसला बराबर. दुसरं काई नाई बसत त्याच्यात, पण कट्टा बसला."

हरिदासभाऊ गाडीच्या पाठीशी गेले. डिक्की बंद होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला, उघडायचं कसं ते त्यांना कळेना, आणि कोणाला विचारायचं ते कळत होतं पण जमेना.

"कोण देईन तो तिथी?"

"प्रफुल देईन."

"त्याले माहीत आहे काय, कुठी द्याचा? कोणाले भेटाचं? मागच्या बाजूले घेते ते, समोर नाई घेत."

"मले नोका सांगू," गिरजाबाई दार उघडून उतरत म्हणाल्या. उतरताना त्यांनाही दोनदा जोर करावा लागला. "मी पिकअपमध्ये चालली. बुद्धवंदना घ्याले बायका मलेच बोलावून राह्यल्या. जागा रिकामी आहे. ज्याचा तांदूळ त्यानं जावं."

"अन् नेम? सगळ्याईनं एका गाडीत जाचं, हा नेम आहे बाबाचा."

याचं उत्तर रंभाबाईंनी पिकअपमधून दिलं. "काई एका गाडीत नाई गेलो आपण. मले आठवते. मूल गावच्या घाटात बैल थकले, तं बाबा उतरले, काका उतरले, पायी चालले. बंडीत मी अन् आजी, बस. पोहोचलो मात्र सगळे."

त्यांना आठवत असणं शक्य नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या सकाळी कोणीच शंका काढली नाही.

प्रफुल स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होता. गिरजाबाई त्याच्याकडं पाहत राहिल्या. म्हण, म्हण, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, आणि या वेळी त्याचा निरोप घेऊन त्या कुठंच जाणार नव्हत्या. त्यानं आईकडं पाहिलं. आईनं मुद्दाम दुसरीकडं पाहिलं.

"बाबा," प्रफुल म्हणाला.  "बसा ना."

हरिदासभाऊ घरात गेले. लोकांना वाटलं, गेलेच. पण ते पांढरा सदरा घालून आले, बटणं लावत लावत, आणि कोणाकडं न पाहता त्या खड्ड्यात जाऊन बसले.

विहाराच्या वळणावर एक उंच गतिरोधक होता. पिकअप मागं होती, आणि गिरजाबाई तिच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. पुढं ती बुटकी गाडी गतिरोधकापाशी येऊन थांबली. सरळ गेली तर तिचं पोट घासलं असतं. हरिदासभाऊंनी मान वळवून मागं पाहिलं, सवयीनं, कोणीतरी असेल म्हणून. मागं कोणी नव्हतं. कापडाची घडी होती. त्यांनी तिच्याकडं थोडा वेळ पाहिलं, मग मान पुढं केली, आणि त्यांचा हात तिरपा हलताना गिरजाबाईंना दिसला. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही. गाडी तिरपी झाली, एक चाक चढलं, मग दुसरं, आणि ती अलगद पलीकडं उतरली.

"बोलले बाबा," नंदिनी म्हणाली.

"पाह्यलं मी," गिरजाबाई म्हणाल्या, आणि पदरानं नाक पुसलं.

*

पिकअप गडचिरोलीपर्यंत जेमतेम पोहोचली, तोवर ती गाडी कधीच नजरेआड झाली होती. वाटेत वंदना झाली, गाणी झाली, चिवडा झाला. रंभाबाईंनी मध्येच विचारलं, "दोघंच सोडले तू त्याईले. खाऊन तं नाई टाकत एकमेकांले?"

"चिवडा दिला आहे सोबत," गिरजाबाई म्हणाल्या.

पण सावली गावाच्या पुढं त्यांचं हसू गेलं. रस्त्याच्या कडेला उभी असलेली प्रत्येक गाडी त्या निरखून पाहत होत्या. आपण जास्त शहाणपणा केला असेल तर? हरिदासभाऊ रागावून मूलच्या स्टँडवर उतरले असतील तर? संघपालनं दोनदा फोन काढला आणि त्यांनी दोनदा तो खिशात ठेवायला लावला. "कोणी फोन नाई कराचा. फोन उचलला का निरोप सुरू होते."

मूलच्या पुढं जंगल लागलं. दोन्ही बाजूंना साग, बांबू, आणि रस्त्यावर वाघापासून सावध राहायच्या पाट्या. बायकांनी आवाज थोडे कमी केले. गिरजाबाईंना रस्त्यावर ती गाडी कुठंच दिसली नाही, आणि ते चांगलं की वाईट हे त्यांना ठरवता येईना.

चंद्रपुरात गाड्या लावायच्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांचा आणि निळ्या झेंड्यांचा पूर लोटला होता. तरी गाडी सापडायला वेळ लागला नाही. तिच्याभोवती पोरांचं कडं होतं. मध्ये ती उभी होती, छप्पर उघडं, आणि आत दोघं शेजारी शेजारी बसलेले, समोर पाहत. त्यांच्यात भांडण झालेलं दिसत होतं, कारण हरिदासभाऊंचे कान लाल होते. प्रफुलचेही होते. दोघांचे कान सारखेच लाल होतात, हे गिरजाबाईंना पहिल्यांदाच दिसलं.

जवळ गेल्यावर त्यांना आवाज ऐकू आला. इंजिन चालू होतं. गाडी जागेवर उभी, आणि इंजिन हळू गुरगुरत होतं.

"आता आले काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"झाला थोडा वेळ," प्रफुल म्हणाला.

"मामाजी," संघपाल पुढं झाला, "या इंजिनाले थांबून राहाची गरज नसते. याचा टर्बो पाण्यानं—"

गिरजाबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला. जावयाच्या पायावर पाय देऊ नये, पण दिला. संघपाल गप्प झाला.

प्रफुलनं आईकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर काल दुपारचा तोरा नव्हता. "दम घेऊ देऊन राह्यलो," तो म्हणाला. "लंबा पल्ला मारून आलं ना ते."

 गिरजाबाई नवऱ्याकडं वळल्या. "रस्त्यानं काई बोलले काय, का मुकेच आले?"

"बोललो. गडचिरोलीपासून मूलपर्यंत भांडलो."

"अन् मूलच्या पुढं?"

"मूलच्या पुढं जंगल आहे," हरिदासभाऊ म्हणाले. "जंगलात हळू चालवा लागते. हळू चालवलं का माणूस नीट बोलते." मग डॅशबोर्डाकडं पाहत, कोणालाच उद्देशून नाही असं, "भंगार इंजिनालेच म्हटलं होतं म्हणे त्यानं. मले नोतं म्हटलं."

"मी सांगतलं असतं ना, बाबा," प्रफुल म्हणाला. "तुम्ही विचारलंच नाई."

"तू काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही आत जाऊन बसले."

"मंग यायचं ना आत."

पुन्हा कान लाल व्हायला लागले. गिरजाबाई मध्ये पडल्या नाहीत. मध्ये पडायला जागाच नव्हती. त्या मेणबत्त्यांचा पुडा छातीशी धरून उभ्या राहिल्या. रंभाबाई पिकअपमधून उतरून आल्या, त्यांनीही पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसल्या. इंजिन गुरगुरत राहिलं. भोवतीची पोरं कंटाळून पांगायला लागली.

"करू बंद?" प्रफुलनं विचारलं.

"थांब."

प्रफुल थांबला. थोड्या वेळानं हरिदासभाऊंनी हात वर केला.

"कर आता."

प्रफुलनं बटन दाबलं. इंजिन थांबलं. मैदानावरच्या गर्दीचा, भोंग्यांचा, लांबून येणाऱ्या वंदनेचा आवाज एकदम मोठा झाला. हरिदासभाऊंनी दोन झटके देऊन स्वतःला बाहेर काढलं, सदरा झटकला, आणि गाडीच्या मागं गेले.

"गिरजे, सांग त्याले, डिक्की उघड—"

ते मध्येच थांबले. गिरजाबाई जागच्या हलल्या नाहीत. हरिदासभाऊंनी वळून सरळ मुलाकडं पाहिलं.

"प्रफुल, उघड. अन् इकडून धर. मागच्या बाजूले द्याचा असते, समोर नाई घेत."

दोघांनी कट्ट्याची एकेक बाजू धरली आणि ते गर्दीत शिरले. गिरजाबाईंच्या हातात मेणबत्त्यांचा पुडा तेवढा राहिला, आणि त्या सगळ्यांना घेऊन त्यांच्या मागं निघाल्या.